शर्टावरचे बाबा

चिमणे,

त्या सकाळी भांडी आवरून तुझा शर्यतीचा शर्ट धुतला. पिळायला गेले, तर पाठीवर छापलेला तुझ्या बाबांचा चेहरा मुठीत आला. पिळवेना. शर्ट तसाच निथळत टाकला.

"आई, बाबांना ओलंच ठेवलंस? उद्या मॅरेथॉन आहे!" तू हसलीस. मग म्हणालीस, "त्यांच्या नावानं इस्पितळाला देणग्या मिळणारेत, आणि तू बघायलाही येणार नाहीस?"

"मला गर्दी सोसत नाही गं."

बाबा जाईपर्यंत त्यांची धाप मी महिनोन् महिने ऐकली होती. आता तुझी मला ऐकवणार नाही, हे बोलले नाही. दिवसभर उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या वळणावर उभी राहिले, तू धापा टाकत गेलीस ती ऐकली आणि तुला न भेटता घरी आले.

घरीच होते म्हणणारी,
तुझी आई