ताईचे कान

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. तू डिसेंबरात येऊन स्पीकरना ते खोलीप्रमाणे आवाज सुधारणारं यंत्र जोडून गेलास. खालचा घुमारा गेला, पण गाण्यातला जीवही गेल्यासारखा वाटतो. वरचे सूर कुणी पांघरुणात गुंडाळून ठेवल्यासारखे. तुला फोनवर म्हटलं, तर तू म्हणालास की यंत्र अचूक आहे, ताई, आता वयाने कान गेले. चिडलास, म्हणून मी पुढे बोलले नाही.

पण ते मनात बसलं. काल संगीतशाळेत मोठ्या पियानोच्या शेवटच्या तारा लावताना हात थांबला. माझ्या कानांवर माझाच विश्वास उरला नाही. शाळेच्या मुख्य बाईंना सांगून काम सोडलं आणि तारा पिळायची चावी त्यांच्या टेबलावर ठेवली. या कामाला एकतीस वर्षं झाली होती. तू खरं बोललास, त्याचा राग नाही. तब्येत सांभाळ, जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. तुझे कान गेलेले नाहीत, चूक माझी आहे.

त्या दिवशी मला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायची घाई होती. माइक आठ जागी ठेवून मोजायचं असतं. मी तुझ्या खुर्चीवर एकदाच ठेवला आणि वर, प्रत्येक माइकचा दोष भरून काढणारी जी वेगळी फाइल असते, ती संगणकात भलत्याच माइकची लावली. त्यामुळे यंत्राला वरचे सूर वाजवीपेक्षा जास्त वाटले आणि त्याने ते कापले. बिचाऱ्याने सांगितलं तेवढंच केलं.

आणखी एक सांगायचंय. हे मला जानेवारीतच कळलं होतं. एका गिऱ्हाइकानेही तीच तक्रार केली, तेव्हा फाइलची चूक सापडली. त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त केलं. तुला मात्र फोन केला नाही. तुझ्यावर आवाज चढवला होता ना, आता कुठल्या तोंडाने सांगू, असं वाटलं. आज करू, उद्या करू, म्हणत राहिलो.

यंत्रावरचं डावीकडचं बटण दाबलंस की दुरुस्ती बंद होईल. बाईंना मी सगळं खरं कळवलंय. तू बोलशील ते ऐकून घेईन.

तुझा,
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बटण दाबलं. वरचे सूर परत आले आणि मी खुर्चीत बसून रडले. घुमाराही परत आला, म्हणजे यंत्राची गरज होतीच. कानही तपासून घेतले; डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम.

बाईंनी तुझं पत्र दाखवलं. पण माझ्या जागी एक मुलगी ठेवलीय, चांगलं काम करते. तिला काढा असं मी म्हणणार नाही. दर गुरुवारी सभागृहातला पियानो लावायचं काम तेवढं माझ्याकडे आलंय.

तू चुकलास याचं मला काही नाही. मीही तारा तोडल्यात. पण परक्या माणसाकडे तू दुसऱ्या दिवशी गेलास आणि मी महिनाभर स्वतःला बहिरी समजत होते, हे अजून गिळवत नाही. गोड बोलून ते झाकणार नाही.

रविवारी माइक घेऊन ये. आठही जागी मोज, मी समोर बसेन. काम झाल्यावर आधी मी ऐकेन, मग तू बोलायचं. जेवायला मात्र थांब. तुझ्यावर माया आहेच, सध्या जरा अबोल आहे.

तुझी,
ताई