भिंतीलगतच्या पेट्या

ता. ४ जानेवारी

चि. बापूस,
अ. उ. आ.

सोबत मधाची बाटली पाठवते आहे. मोहरीच्या फुलांचा मध आहे, त्यामुळे बाटलीत थिजून तुपासारखा झालाय. त्यात साखर घातलीय असं म्हणून तुझ्या घरच्या मास्तरीणबाईंपुढे अक्कल पाजळू नकोस, मोहरीचा मध असाच बसतो. पावाला लावून खा आणि कसा लागला ते नीट कळव. नुसतं ‘छान’ लिहिलंस तर पुढची बाटली विसर.

फोन न करता लिहिते, कारण फोनवर तू सगळ्यालाच हो म्हणतोस. कागदावर हो म्हणायला तुला निदान पेन शोधावं लागतं. मधवालीच्या सहा पेट्या आपल्या अंगणात भिंतीलगत आहेत हे तुला ठाऊक आहे. माश्या इथून गावाबाहेरच्या शेतांवर जातात. रविवारी सकाळी ती मागच्या पायरीवर मधाचं पिंप मांडते, लोक घरून रिकाम्या बरण्या आणतात आणि मी ज्याला त्याला चमचाभर चव देते. बेकरीवाला तर चव घ्यायला रांगेत दोनदा उभा राहतो आणि मला ओळखू येत नाही असं समजतो. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून माझ्या दारात कुणी येईनासं झालं होतं. आता येतात. मला हे फार आवडतं, सरळच सांगते.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना मात्र आवडत नाही. ते आता गल्लीच्या समितीचे चिटणीस झालेत. गल्लीचा बाजार झालाय म्हणे, आणि माश्या पेशंटना चावतील म्हणे. आजवर त्या दवाखान्यात ज्याला दुखलं ते त्यांच्याच हातून. पेट्या काढायला लावायच्या असं त्यांनी मनावर घेतलंय. मधवालीला दुसरी जागा नाही, हंगामाच्या मध्यात कुणी देणारही नाही, मग तिला माश्यांसकट पेट्या विकूनच टाकाव्या लागतील. घर आपल्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून डॉक्टर तुलाही विचारतील. तू फक्त नाही म्हण.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढवलास तर तक्रार नाही.
तुझी,
ताई


ता. १२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मध पोचला. आधी नुसता गोड लागतो, मग घशाशी थोडा झोंबतो आणि गिळल्यावर तोंडात ओल्या पाल्याचा वास राहतो. परीक्षेत पास झालो असेन तर दुसरी बाटली पाठव, कारण पहिली अर्धी संपली. मास्तरीणबाई वह्या तपासायला बसते ती बाटली शेजारी घेऊनच. यंदा पोरांना मार्क बरे पडतायत.

डॉक्टरांचा फोन आला होता. माणूस सभ्य आहे गं. तू आत्ता दातओठ खात असशील, पण जपून, दात दुखला तर त्यांच्याकडेच जावं लागेल. मला त्यांचंही पटलं आणि तुझंही पटतं. माझी उभी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात सरली. भांडणारे दोघं समोर उभे असले, की खुंटी थोडी इकडे नाहीतर तिकडे सरकवायची, दोघंही निमूट घरी जातात. तर घराचा जुना नकाशा काढून बसलो. पेट्या डॉक्टरांच्या भिंतीलगत आहेत, त्या न्हाणीघरामागच्या कोपऱ्यात नेल्या की काम झालं. त्यांची भिंत मोकळी, तुझा मध शाबूत. नकाशावर बोटभर अंतर आहे.

डॉक्टरांना मी तसा शब्द दिलाय. आपल्या अंगणातल्या माळ्यालाही फोन करून ठेवलाय, की तू डोळे तपासायला जाशील त्या दिवशी दुपारी पेट्या हलव. तुला उगाच धावपळ नको. हे पत्र पोचेपर्यंत काम झालेलंही असेल. रागावू नकोस, यात सगळ्यांचंच भलं आहे.

लोभात काटछाट करू नये, ही विनंती.
तुझा,
बापू


ता. १८ जानेवारी

चि. बापूस,
अ. उ. आ. रिवाज म्हणून लिहिले. द्यायची इच्छा नाही.

काम झालं. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. पेटी हलवायची तर अंधार पडल्यावर, तोंड बंद करून, पार लांब न्यायची, नाहीतर रोज वीतभर सरकवायची. बोटभर अंतरावर भरदुपारी न्यायची नसते. माळ्याला हे माहीत नव्हतं, तुलाही नव्हतं, आणि मधवालीला एका शब्दाने विचारावं असं दोघांनाही वाटलं नाही.

माळ्याने पेट्या उचलल्या तेव्हा निम्म्याहून जास्त माश्या शेतांवर होत्या. दिवस कलता परतल्या त्या थेट भिंतीकडे, आणि तिथे काहीच नाही. घिरट्या घालून दमल्या आणि भिंतीवर, डॉक्टरांच्या खिडकीवर, त्यांच्या पाटीवर बसल्या. पाटीवरच्या पदव्या दिसेनाशा झाल्या. पेशंट मागच्या दाराने पळाले, एक तर तोंडात कापूस तसाच ठेवून. मी डोळ्यांत औषध घालून आलेली, धूसर दिसत होतं, तरी हसले.

सकाळी हसू गेलं. मधवाली त्या रात्री बाहेरगावी होती, माळी फोन उचलेना आणि मला एकटीला पेट्या हलत नव्हत्या. सगळी रात्र गारठ्यात काढून माश्या भिंतीखाली मरून पडल्या होत्या, नुसता खच. मधवाली आली आणि तिने त्या केरभरणीत भरल्या. मला तिच्याकडे बघवेना.

आता डॉक्टर म्हणतात, पाहा, माश्या धोक्याच्या आहेत हे सिद्धच झालं. तू एकदा शब्द दिलास म्हणून तुझी संमती त्यांनी धरूनच टाकलीय. मी भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, नाही म्हणाले. तर पेट्या हलेपर्यंत आपला कचरा उचलायचा नाही असं त्यांनी घंटागाडीवाल्याला बजावलंय. ठीक आहे. मी रोज ठेवणीतले कपडे घालते, केस नीट विंचरते आणि डबा घेऊन डॉक्टरांच्या दारावरून नाक्यावरच्या कचराकुंडीपर्यंत जाते. डबा जड आहे, वाटेत टेकवावा लागतो. तो मी त्यांच्याच पायरीसमोर टेकवते.

तुला सगळ्यांचं भलं करायचं होतं. ज्या मेल्या त्यांची तुझ्या नकाशावर खूणसुद्धा नव्हती. पेट्या आम्ही पुन्हा भिंतीलगत ठेवल्यात आणि त्या तिथेच राहतील. भिंत तुझ्या अर्ध्या घरात येत असेल तर स्वतः ये आणि उचल. माझ्यादेखत उचल.

लोभाचं नंतर बघू.
ताई


ता. २४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. साष्टांग खरोखरच घातलाय असं समज, गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागला.

तुझं पत्र मास्तरीणबाईने मोठ्याने वाचलं. केरभरणीपाशी थांबली, पुढचं तिला वाचवेना. मग बाटली कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली.

काल मी डॉक्टरांना फोन केला. नेहमीसारखे गोड बोलले. झालं ते झालं, आता पेट्या काढायला संमती लिहून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं लाइन खराब आहे, म्हणून पुन्हा विचारलं. मग मी इतक्या जोरात नाही म्हटलं, की समोरचे शेजारी दार उघडून बाहेर आले. सगळी गल्ली तुमच्या विरोधात जाईल अशी त्यांनी धमकी दिली. रविवारी बरण्या घेऊन कोण येतं मग, असं मी विचारलं आणि फोन आधी मी ठेवला. ताई, मला फार बरं वाटलं. सगळ्यांना हो म्हणत आलो, त्यात तुझ्या माश्या मेल्या. माझा शब्द मागे घेतलाय, पेट्या माझ्या अर्ध्या घरातही राहतील, असं समितीला लेखी कळवलंय.

यावंसं वाटतं, पण मधवालीला तोंड कसं दाखवू ते कळत नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतोय.
बापू


ता. ३० जानेवारी

चि. बापूस,
अ. उ. आ. आज पुरेपूर.

तुझं पत्र डॉक्टरांना सभेत वाचून दाखवावं लागलं. स्वतःचीच दाढ उपटून घेत असल्यासारखे वाचत होते. निम्मे सभासद खाली मान घालून बसले होते, कारण त्यांच्या घरी मधाच्या बरण्या आहेत. दोन्ही मालक नाही म्हणताहेत म्हटल्यावर पेट्यांना हात लावता येत नाही, एवढं ठरलं. कचऱ्याचं मात्र डॉक्टर सोडायला तयार नाहीत. न सोडोत.

दोन पेट्या फारच अशक्त झाल्या होत्या, त्या मधवालीने एकीत मिळवल्या. बाकीच्या तगतील म्हणते. तिला तोंड कसं दाखवू म्हणून विचारतोस, तर आहे तसं दाखव. भाऊ येणार आहे असं मी तिला सांगितलं. येऊ दे, मला बरंच बोलायचंय, असं म्हणाली. ती बोलेल ते ऐकून घे आणि मध्ये हो हो करू नकोस.

काल डॉक्टरांनी कंपाउंडरला पाठवून विचारलं, की या वयात आणखी किती दिवस डबा उचलणार. भाऊ येईपर्यंत एकटीने आणि नंतर दोघांनी, असा मी निरोप धाडला. डब्याला दोन कड्या आहेत. मास्तरीणबाईंना घेऊन ये आणि ठेवणीतले कपडे आणायला विसरू नकोस. दवाखान्यात गर्दी असते तेव्हाच आपण निघायचं.

लोभ आहे, भांडायला बळही आहे.
तुझी,
ताई