हाताचा क्लच

मु. बोरगाव, ता. वाळवा
९ डिसेंबर १९४८, गुरुवार

ती. दादांस,
धाकट्या लालाचा दंडवत.

तुमचं पुण्याच्या इस्पितळातून टाकलेलं कार्ड परवा पोचलं. पंधरवड्यानं तुम्हाला सोडणार, हे आईला दोनदा वाचून दाखवलं. तिचा खोकला बरा आहे. तांबडी गाय व्याली, खोंड झाला. ऊस छातीला लागलाय. माळाचा तुकडा अजून तसाच पडून आहे, नांगर लागलेला नाही.

कार्डात तुम्ही एवढंच विचारलंय, की शिराळ्याचा हिरवा ट्रॅक्टर आणला का. इथवर लिहून मी दोन कागद फाडले. हा तिसरा.

हिरवा नाही आणला, दादा. दुधगावचा निळा आणला.

श्रावणातलं तुमचं पत्र माझ्या ट्रंकेत आहे. काश्मिरात डावा पाय गुडघ्याखाली गेला, आईला मी आल्यावर सांगीन, तू बोलू नको, असं त्यात होतं. पुढं लिहिलं होतं, की जुना घेतोयस तर रंग बघू नको, वय बघू नको, क्लच हाताचा असेल तोच घे. शेवटची ओळ मला पाठ आहे. 'मला बसून खायचं नाही, लाला.'

शिराळ्याला आधी गेलो, तेवढं तुम्हाला कळवलं होतं. नानासोंचा हिरवा म्हणजे म्हातारा रेडा. लोखंडी चाकं, पत्रा गंजलेला, बाजूचं जड चाक हातानं गरगरा फिरवावं तेव्हा ठक ठक करत जागा होतो. पण क्लचचा दांडा उजव्या हाताशी होता. नानासो म्हणाले, आठ वर्षांत यानं एकदासुद्धा वाटेत बसवलं नाही. मी कळवतो म्हणालो आणि तिथून दुधगाव गाठलं.

दुधगावचं कारण तुम्हाला ठाऊक नाही. बाळगोंडा पाटील म्हणजे माझ्याबरोबर कॉलेजात असलेल्या नेमिनाथचे वडील. शालन त्याची धाकटी बहीण. कॉलेज मी का सोडलं ते तुम्हाला कळवलं होतं, मास्तरांशी वाद झाला म्हणून. ते खरं नाही. एकानं फळ्यावर तिचं नाव माझ्या नावाशेजारी लिहिलं. मी त्याचा दात पाडला. माफीचा कागद लिहून दे म्हणाले, तो मी फाडला आणि चालता झालो. आपण मराठा, ते जैन. त्या दारात मला कुठल्या कामानं जाता येणार होतं? त्यात नेमिनाथच्या पत्रात आलं, आमचा ट्रॅक्टर विकायला काढायचाय.

निळ्याला रबरी चाकं, रंग नवा. क्लच पायाचा, डाव्या पायाचा. मी पाहिला नाही असं म्हणणार नाही. पाहिला, आणि पुढचा दिवा पुसत उभा राहिलो.

तुमच्या पायाचं मी फक्त नेमिनाथला सांगितलं होतं. त्याच्याकडून तिला कळलं असावं. पाटील खरेदीचा कागद आणायला आत गेले तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन सोप्यात आली.

"हा तुमच्या दादांना चालवता यायचा न्हाई," ती म्हणाली. "तुमी त्यांच्यासाठी आलाय का माझ्यासाठी?"

तिनं विचारलं याचाच मला आनंद झाला. तुझ्यासाठी, म्हणालो.

"मग घेऊ नका."

एवढं बोलून ती आत गेली. मी तरी घेतला. तसाच परत फिरलो असतो तर तिला वाटलं असतं, मी घाबरलो. डोकं तापलं की माझं काय होतं ते तुम्ही जाणता. कागदावर तुमच्या नावानं सही ठोकली.

त्यानंतर हा पट्टा सैल आहे, तो नट गेलाय, असल्या निमित्तांनी मी पाच वेळा दुधगावला गेलो. दरवेळी पाटीलच बाहेर आले. कार्तिकात नेमिनाथनं सांगितलं, शालनचं बेळगावला ठरलं, आता तू येऊ नको गड्या.

हे लिहून थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण अजून एक आहे. नानासोंनी निरोप धाडला होता, एकदा दसऱ्याआधी, एकदा दिवाळीनंतर. त्यांना रबरी चाकांचा हवा होता, सरळ बदला करायला तयार होते. दोन्ही वेळा मीच नाही म्हणून सांगितलं. तिचं लग्न ठरल्यावरसुद्धा. तिच्या अंगणात उभा असलेला ट्रॅक्टर आता आपल्या परड्यात होता, तो मला सोडवेना. सकाळी उठून मी त्याचा पत्रा पुसायचो, दादा.

परवा तुमचं कार्ड आलं तशी मी माझा डावा पाय गुडघ्यात मुडपून पटक्यानं आवळून बांधला आणि निळ्यावर चढलो. काठीनं क्लच दाबून पाहिला. काठी निसटली, ट्रॅक्टरनं उसळी घेतली आणि कुडाला जाऊन बंद पडला. मी खाली मातीत. आवाजानं आई धावत आली. शिव्या घालायला तिनं तोंड उघडलं आणि बांधलेल्या पायाकडं बघत राहिली.

"माझ्या जोतिबाचा पाय गेला व्हय रं?"

मी मान हलवली. ती रडली नाही. खाली बसून तिनंच पटक्याची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली.

तुमच्यासाठी तिनं नव्या वहाणा करून घेतल्यात. रोज तेल लावते. काल म्हणालो, आई, एक राहू दे. ती म्हणाली, "जोड मोडायचा न्हाई. दोन्ही घेऊन जायाच्या टेसनाव."

काल पहाटे शिराळ्याला गेलो होतो. हिरवा मागच्या आठवड्यात जतकडच्या एकानं नेला. शेडात तेलाचा काळा डाग आहे आणि लोखंडी चाकांचे वळ दारातून रस्त्यापर्यंत गेलेत. नानासो म्हणाले, वाट बघितली की तुमची.

ताकारीला तुम्हाला उतरवून घ्यायला आई येईल. बैलगाडी मी आणीन, पण फलाटावर येणार नाही. बाहेर बैलांपाशी थांबेन. तुम्ही हाक मारली तर येईन.

ट्रॅक्टरच्या त्या कागदावर तुमच्या नावानं सही केली होती. या पत्राखाली मात्र माझीच करतो.

लालासाहेब