भैयाजीच्या जागी

मंगळवार, संध्याकाळ. जबलपूर.

आई फोनवर म्हणते, "पैसे नको, तूच घरी ये." म्हणणं सोपं आहे. सुट्टी घेतली की माझ्या वाट्याचं कनेक्शन लावायचं काम दुसऱ्या पोराला जाते, पैसेही त्यालेच. तिले कितीदा सांगू?

आज इथल्या सदर भागात एका फौजीच्या घरी इंटरनेट लावून राहिलो होतो. तार जोडली, वायफायचा डब्बा लावला, तरी लाल दिवा जाईना. पहिले असं झालं की ऑफिसात भैयाजीला फोन करायचो. "अबे, फिर गड़बड़ कर दी? खाना खाया कि नहीं?" आधी शिवी, मग जेवण, मग बिघाड. आता भैयाजीला कामावरून काढलं. कंपनीनं मोबाईलमध्ये एआय दिलं, त्यालेच विचारायचं.

विचारलं. लगेच सांगितलं त्यानं, डब्ब्याचा नंबर दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर चढला आहे. दुरुस्तही केलं. लाल दिवा गेला. चिडलं नाही, हसलं नाही. मग काहून कोण जाणे, मी लिहिलं, "सकाळपासून जेवलो नाही." ते म्हणते, "कृपया जेवण करून घ्या. काम पूर्ण झाले असे नोंदवू का?"

नोंदव म्हटलं. वाईट काय बोललं ते? काहीच नाही. तरी त्या फौजीच्या जिन्यातच बसून राहिलो. या गावात मला अबे म्हणणारं आता कोणी नाही. शिव्या देणारी एक आईच, तीही फोनवर.

शनिवारी आईकडे जातोच. कनेक्शनचं काम गेलं तर गेलं. तिकिटाचे पैसे बाजूला काढले. घरच्या किराण्याला आजच पाठवतो, तिकिटामुळं या वेळी कमी, साडेतीन हजारच.