हरल्यावर मफलर ट्रंकेत

पप्पा, एका सामन्याचा निकाल तुम्हाला चुकीचा सांगितला गेला होता. तो दुरुस्त करायला बसले आहे. तुमच्या क्लबाविषयी मी आपणहून चार ओळी लिहीन असं कोणी म्हटलं असतं, तर त्याला मी दारातूनच परत पाठवलं असतं. माणसं परदेशातून काय काय आणतात. भुईगावात कोणाचे वडील कुवेतहून टेपरेकॉर्डर घेऊन आले, कोणाचे मस्कतहून मिक्सर. तुम्ही ट्यूनिसच्या गोदीत अकरा वर्षं फिटर म्हणून घासलीत आणि आणलंत काय, तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर आणि एक फुटबॉल क्लब. मफलर तोही लोकरीचा! वसईच्या उकाड्यात! आई म्हणाली होती, "मेंढी पण आणायची होती बरोबर."

आणि मग तो इतिहास. केळीला पाणी सोडताना इतिहास, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर इतिहास, मला बघायला आलेल्या मंडळींपुढेसुद्धा इतिहास. राज्य फ्रेंचांचं, मैदानं फ्रेंचांची, क्लब फ्रेंचांचे. गावच्या माणसांनी फक्त बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचा. मग जुन्या शहराच्या वेशीजवळच्या कॉफीच्या दुकानात एक शिंपी, एक मोची आणि एक मास्तर बसले आणि म्हणाले, आपलाच क्लब काढू. साहेब म्हणाला, काढा, पण अध्यक्ष फ्रेंच हवा. हे म्हणाले, मग राहू दे. आणि पुन्हा कॉफी पीत बसले, साहेब नमेपर्यंत. इथे तुम्ही दर वेळी थांबायचा, जणू साहेब आत्ताच वेशीतून मान खाली घालून गेला. मग आमच्याकडे वळून म्हणायचा, "आपल्याकडे पोर्तुगीज एवढी वर्षं होते. आपण काय काढलं?" आई चुलीकडूनच उत्तर द्यायची, "पाव काढला. गप खा."

तुमची खोली त्याच कॉफीच्या दुकानावर होती, हे मात्र तुम्ही एकदाच सांगितलंत. फोरमनने अकरा वर्षांत तुम्हाला नावाने हाक मारली नाही, नुसतं "इंडियन" म्हणायचा. आणि खाली दुकानाचा मालक सामन्याच्या दिवशी भिंतीजवळची एक खुर्ची उलटी करून ठेवायचा, तुमच्याशिवाय कोणी बसू नये म्हणून. मी तेव्हा टेलिफोन एक्सचेंजमधून दमून आले होते आणि चपलेचा अंगठा शिवत होते. "बरं," म्हटलं. तेवढंच. आता वाटतं, सगळा इतिहास बाजूला ठेवून तुम्ही ती खुर्ची चार वेळा जास्त सांगायला हवी होती. पण तुम्हाला कुठलीही गोष्ट नेमकी कधी सांगावी हे कळलं असतं, तर तुम्ही तुम्ही कसले.

तिकडच्या क्लबवाल्यांचे नियम तुम्ही आमच्या घरात लावलेत. जिंकले, की मफलर ओटीच्या दोरीवर दिवसभर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आणि कॉफी. तिकडे कॉफीत संत्र्याच्या फुलांचं पाणी घालतात. आपल्याकडे संत्री कुठली, म्हणून तुम्ही वाडीतल्या पपनसाची फुलं रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी घालायचा. कोणालाही सोडायचा नाही. पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी मावशी टोपली उतरवायच्या आधी कपाकडे बघून म्हणायची, "बाय, तुजे पप्पा कापीत साबन घालतात काय गो?" आणि प्यायचीसुद्धा. हरले, की मफलर घडी करून ट्रंकेत, पुढच्या विजयापर्यंत. मध्ये सण येवो, लग्न येवो, ट्रंक उघडायची नाही. आणि पिवळा रंग घरात नाही, कारण शहरातल्या दुसऱ्या क्लबाचा रंग पिवळा. मी पहिल्या बोनसमधून ओटी पिवळी रंगवली, तर तुम्ही तीन दिवस मागच्या दाराने ये-जा केलीत. शाळेतल्या नन्सनी मला शिस्त शिकवली असं लोक म्हणतात. नन्स बिचाऱ्या फार मवाळ होत्या.

तुमचे कान गोदीतच गेले होते, पुढे उरलेसुरलेही गेले. आई गेल्यापासून रविवारी संध्याकाळी रेडिओ कानाला लावून बसायचं काम माझं. अरबीतलं मला काय कळणार? क्लबाचं नाव, सिफर म्हणजे शून्य, वाहिद म्हणजे एक. तेवढ्यावर मी दोन-दोन तास काढलेत, आणि तुम्ही समोर बसून माझं तोंड वाचायचा. आधी हे आई करायची. तिला तर तेवढंही येत नव्हतं. ती रेडिओतला आरडाओरडा ऐकून अंदाजाने सांगायची आणि बहुतेक बरोबर निघायची.

आईच्या वर्षाची मिस्सा नेमकी अशाच एका रविवारी आली. तुमच्या क्लबाची फायनल त्याच दिवशी. मी पहाटेपासून मैद्याचे फुगे तळले, पन्नास पानं वाढली, फादर ओटीवर बसलेले, आईच्या बहिणी रडून नुकत्याच शांत झालेल्या. आणि तुम्ही पान अर्धं टाकून उठलात, आतून रेडिओ आणलात आणि सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवलात. गळ्यात मफलर. "लाव गो." मी म्हटलं, "पप्पा, आज नको. आज आईचा दिवस आहे." तुम्हाला ऐकू आलं नाही, पण तोंड वाचता आलं. तुम्ही म्हणालात, "ती असती तर मला सांगावं लागलं नसतं."

मी रेडिओ घेऊन मागच्या पडवीत गेले. शेवटपर्यंत ऐकलं. परत आले तेव्हा पाहुणे गेले होते आणि तुम्ही खुर्ची दाराकडे वळवून वाट बघत होता. मी म्हटलं, "हरले." तुम्ही विचारलं, "किती?" मी म्हटलं, "एक-शून्य." तुम्ही मफलर गळ्यातून काढलात, मांडीवर ठेवून नीट चौघडी केलीत आणि ट्रंकेत ठेवून आलात. मग म्हणालात, "फुगे चांगले झाले होते." बुधवारी सकाळी तुम्ही वाडीत पंपाजवळ बसलेले सापडलात, पाटात पाणी चालूच होतं.

शवपेटी बंद करायच्या आधी धाकटा ट्रंकेकडे गेला. "ताई, मफलर घालू या त्यांच्या गळ्यात." मी झाकणावर हात ठेवला. "हरल्यावर बाहेर काढायचा नाही. त्यांचाच नियम आहे." काय कौतुक झालं माझं! मावशा म्हणाल्या, मुलगी असावी तर अशी, बापाचा शब्द मेल्यावरही राखला. तुम्ही मोकळ्या गळ्याने गेलात.

गेल्या महिन्यात धाकट्याने विरारच्या घरी कॉम्प्युटर घेतला, आणि पहिलं काय शोधलं असेल, तर तुमचा क्लब. रविवारी छापील कागद घेऊन आला. "ताई, हे बघ. ती फायनल जिंकले होते गं ते." मी चष्मा शोधायला गेले. तो मागून येऊन हळूच म्हणाला, "तुझा काय दोष? केवढी खरखर असायची त्या रेडिओला." मी म्हटलं, "असायची." तो जेवून गेला.

काल मी ट्रंक उघडली. कसरीने दोन ठिकाणी खाल्लाय, डांबराच्या गोळ्या सगळ्या विरून गेल्या. धुतला आणि ओटीवर दोरीला घातला. मासेवाली मावशी आता थकली आहे, अर्ध्याच टोपलीने येते. फाटकातच थांबली. "जिंकले काय गो?" "जिंकले," मी म्हटलं. "कापी नाय आज?" पपनसाला सध्या फुलं नाहीत, म्हणून साधीच दिली. ती म्हणाली, "साबनाबिगर लागत नाय गो बरी."

हे पत्र कोणाच्या पत्त्यावर टाकू? घडी करून ट्रंकेत ठेवते, तिथे आता जागा आहे. निकाल असा आहे पप्पा: एक-शून्य, तुमच्या बाजूने. वाहिद, सिफर. दोन्ही शब्द मला स्वच्छ ऐकू आले होते. त्या संध्याकाळी रेडिओला अजिबात खरखर नव्हती.