किटलीला सोडायला कोण गेलं

१२ ऑक्टोबर १९४३

तळावर नवं लँकेस्टर बॉम्बर आलं. चार इंजिनांचं एवढं धूड, आणि ते उडवत आणलं कोणी? माझ्याएवढ्या एका मुलीनं! बरोबर एक इंजिनवाला, बास. आमची पोरं शिडीखाली उभी राहून विचारतायत, "बाई, वैमानिक कुठाय?" तिनं हातमोजे काढले, म्हणाली, "तुमच्यासमोर उभा आहे," आणि चहा मागितला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

विमान ड्यूरनफर्डच्या टोळीला मिळालं. सातही जण नवे कोरे. बाजूवर 'के' अक्षर रंगवलंय. त्यांना लॉरीतून विमानापर्यंत सोडायचं आणि परत आले की आणायचं काम माझं. परत आले की.

२४ ऑक्टोबर

'के'च्या नाकावर किटली काढली त्यांनी! तोटीतून वाफ वगैरे. आता सगळे विमानालाच किटली म्हणतात. टोळीतला इंजिनवाला विल्फ विमानाशेजारच्या त्या थंडगार टपरीत दिवसभर चहा उकळत बसतो, म्हणून. जर्मनीवर बॉम्ब टाकायच्या प्रत्येक फेरीमागे किटलीखाली एक कप रंगवायचा. तीस कप झाले की टोळीची सुटका, मग सहा महिने शिकवायचं काम. डोरीन म्हणाली, "तीस कप चहा म्हणजे काय गं, आमची आई दोन दिवसांत पिते." डोरीन माझ्या शेजारच्या खाटेवरची. लंडनची. माझ्यासारखीच लॉरी चालवते आणि कशालाही रडते.

आमच्या तळावर तिसावा कप अजून कोणी पाहिलेला नाही. यंदा तरी नाही.

३ नोव्हेंबर

विल्फ नेहमी पुढे माझ्या शेजारी बसतो. आज म्हणे, "हिल्डे, गिअर टाकतेस की कणीक तिंबतेस?" म्हटलं, "उतर आणि चालत जा." उतरला की खरंच! पाठीवर पॅराशूट घेऊन चिखलातून चालायला लागला. शेवटी मीच हॉर्न वाजवला.

१४ नोव्हेंबर

विल्फबरोबर हॉर्नकॅसलला चहा. त्याला सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं.

मी आधी ज्याच्याबरोबर फिरायचे, तो रोलंड जूनमध्ये कोलोनहून आला नाही. ऑगस्टमध्ये पर्सी गेला, बर्लिनवर. पर्सीबरोबर तर मी एकच सिनेमा पाहिला होता आणि तोही गडी घोरत होता! पण तळावरचा निकाल पक्का — हिल्डा पांढऱ्या पायाची. जो तिच्याबरोबर फिरेल तो जाईल.

विल्फ हसला. "मग सिनेमा नको. चहाच पिऊ." ओल्डहॅमच्या सूतगिरणीत होता म्हणे, त्यामुळे ओरडूनच बोलायची सवय. सगळं हॉटेल ऐकत होतं. मला काही वाटलं नाही.

२० नोव्हेंबर

पार्जिटरला कळलं. किटलीचा शेपटीवरचा तोफवाला. भर मेसमध्ये — "ए हिल्डा, आमच्या पोराला सोड. दोन खाल्लेस तेवढे पुरे."

हा माणूस शेपटीच्या चाकावर मुतल्याशिवाय विमानात चढत नाही! आणि अपशकुनी मी!

ताटातलं मटण तसंच टाकून उठले. संडासात जाऊन रडले.

२१ नोव्हेंबर

कप्तान ड्यूरनफर्ड स्वतः आला. बावीस वर्षांचा पोरगा, पण डोळ्यांखाली पन्नाशीच्या माणसासारखी वर्तुळं. टोपी काढून उभा.

"मिस थॅकरी, मी असलं मानत नाही."

"मग?"

"माझी पोरं मानतात. पार्जिटर मागे बसून अंधारात शत्रूचं विमान शोधण्याऐवजी तुमचा विचार करत बसला, तर आम्ही सगळे मरू."

विल्फ त्याच्याशी भांडला म्हणे. पार्जिटरच्या नाकावर एक ठेवूनही दिली. पण मी हो म्हणाले. लॉऱ्या बदलल्या — किटली डोरीनकडे, डोरीनची विमानं माझ्याकडे. तीस होईपर्यंत विल्फला भेटायचं नाही, हात करायचा नाही, चिठ्ठी नाही. तीस झाले की लग्न, ही विल्फची अट. विल्फ कुंपणाच्या पलीकडून ओरडला, "ही बावळटपणाची हद्द आहे, हिल्डे!"

आहेच. पण मला भीती वाटते. मलाच. लिहून टाकलं एकदाचं.

१७ डिसेंबर

काल रात्री बर्लिन. आज पहाटे परतताना धुकं. आमची दोन विमानं पार जर्मनीला जाऊन आली आणि इथे आपल्याच शेतात आपटली. जळालेल्या रबराचा वास अजून जात नाही.

किटली उतरली! पार्जिटरनं डोरीनला उचलून गरगर फिरवलं म्हणे. "हिचा पायगुण!" आता निघताना सातही जण तिच्या वेणीला हात लावतात. चॉकलेटं आणून देतात. डोरीन मला अर्धी देते.

मी खाते. आणि जळते. खोटं कशाला बोलू?

२५ डिसेंबर

आज रिवाजाप्रमाणे साहेब लोकांनी आम्हाला वाढलं. विल्फ त्या टोकाला, मी या टोकाला. जेवणभर तो माझ्याकडे बघत होता. मी बटाटे मोजत बसले.

२२ जानेवारी १९४४

किटली तीन इंजिनांवर आली. पंखाला भोक, त्यातून गाय जाईल एवढं. विल्फनं वर आकाशातल्या त्या थंडीत हातमोजा काढून कसला तरी नळ बंद केला, तीन बोटं काळी पडली. मी रुग्णवाहिकेच्या मागे उभी होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

नाही मारली.

डोरीन म्हणाली, "बोटं राहतील गं. अंगठी घालायचं बोट तर अगदी ठणठणीत आहे, असं तुला सांगायला सांगितलंय." आणि तीच रडायला लागली.

१६ फेब्रुवारी

काल पुन्हा बर्लिन. आली! चार कप उरले. चार! आईचं पत्र — आमच्या लाउथचे पाद्रीबुवा लग्नाची तारीख विचारतायत. आईनं केकसाठी साखर साठवायला घेतली आहे. मी तिला कळवलं, अजून कोणाला बोलू नकोस.

डोरीन खोकतेय.

१९ फेब्रुवारी

डोरीनला सणकून ताप. सार्जंटबाई दुपारी म्हणाल्या, "डोरीन खाटेवर राहील. हिल्डा, आज 'के' तुझ्याकडे."

 चारच फेऱ्या उरल्यात आणि मी सोडायला जाऊ? डोरीनकडे गेले.

"अगं, बरं झालं की!" ती म्हणाली. "भेट त्याला. रोज विचारतो बिचारा."

"डोरीन, तू जा. फक्त आज. पाया पडते तुझ्या."

"मला उभं राहवत नाही गं."

"बसूनच चालवायची आहे ना लॉरी!"

असं म्हणाले मी. ती उठली. दोन स्वेटर घातले, वर माझा कोट. सार्जंटबाईंना म्हणाली, ताप उतरला. बाहेर बर्फ पडत होतं.

२० फेब्रुवारी

किटली आली नाही.

लाइपझिगला गेले होते. आजूबाजूच्या सगळ्याच तळांवरून खूप जण आले नाहीत. मी दुपारपर्यंत त्यांच्या टपरीपाशी उभी होते. तेल संपून केव्हाच खाली आली असेल हे मलाही कळतं. तरी उभी होते. जमिनीवरची माणसं, जी किटलीचे नटबोल्ट आवळायची, तीही उभी होती. 

डोरीनला न्यूमोनिया. दवाखान्यात नेताना माझा हात धरून म्हणाली, "सार्जंटबाईंनी त्याला सांगितलं होतं गं, आज तू येणार म्हणून. केस विंचरून आला होता. मला बघून म्हणाला — बरं, असू दे."

बरं, असू दे.

तीन महिन्यांत एकदा माझ्या शेजारी बसणार होता. तेवढंच. मी तेही दिलं नाही त्याला.

२२ फेब्रुवारी

सातांचं सामान काल नेलं. संध्याकाळी त्याच खाटांवर नवी पोरं झोपलीसुद्धा. ओल्डहॅमला विल्फच्या आईला तार गेली असेल. तिला माझं नाव तरी ठाऊक असेल का?

मेसमध्ये आचारी बोलत होता. "डोरीन तापात सोडायला गेली. आजारी बाईनं निरोप दिला की दुसरं काय होणार? गेल्याच महिन्यात 'जे' विमानालाही हिनंच सोडलं होतं. तेही गेलं." टेबलभर माना हलल्या.

मी ओरडले, "आणि इतक्या वेळा सोडलं आणि परत आणलं, ते कुठे गेलं? वेणीला हात कोण लावत होतं?"  पार्जिटर असता तर त्यानं तरी उत्तर दिलं असतं.

तिला कोणी उठवलं, ते मात्र मी सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी

नवं लँकेस्टर. त्यावरही 'के'च. अक्षर रिकामं ठेवत नाहीत.

नवा कप्तान मॅकआरा, स्कॉट, गालावर अजून लव. थेट माझ्याकडे आला. "तू सोडशील ना आम्हाला? ती दुसरी नको. आणि तिच्यात फार मिसळू नकोस, एवढंच मागणं."

थोबाडीत द्यायला हवी होती. मी म्हटलं, "बरं."

२ मार्च

स्टुटगार्टहून सातही आले! उतरल्यावर एकेकानं माझ्या लॉरीच्या बॉनेटवर हात ठेवला. मॅकआरा म्हणाला, "तुझा पायगुण, हिल्डा."

शरम वाटायला हवी होती. बरं वाटलं.

७ मार्च

डोरीन दवाखान्यातून सुटली. निम्मी झालीय. जेवताना माझ्या शेजारी येऊन बसली. समोरच्या बाकावरून मॅकआराची पोरं बघत होती. मी ताट उचललं आणि पलीकडे जाऊन बसले.