कात्रजच्या उतारावर नवे टायर

अण्णा,

काल मी गाडीला नवे टायर टाकले, चारही. हे तुम्हाला कळवायचं कारण एवढंच, की तुम्हाला ते बोचावं. गाडी लाल आहे, दोन दारांची, बुटकी, जोरात पळणारी आणि माझ्या नावावर असलेली. टायर खास उन्हाळ्याचे, मऊ रबराचे, तापलेलं डांबर धरून ठेवणारे. मार्केट यार्डाजवळच्या तुमच्या दुकानात असला माल कधी आला नाही, तिथे ट्रकच्या टायरांचेच ढीग असायचे. तुमच्या फोटोला आम्ही प्लॅस्टिकचा हार घातलाय, हेही जाता जाता सांगते. रोज बदलावा लागत नाही.

दहावीपासून मी रोज दुपारी दुकानात यायचे. टायरवरून तळवा कसा फिरवायचा हे तुम्हीच शिकवलंत. मधोमध झिजलाय म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्यात म्हणजे हवा कमी, एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली. मी डोळे मिटून सांगते आणि ट्रकवाले हसतात. तुम्ही त्यांना म्हणता, "हसू नका, उद्या हीच बसणार आहे या खुर्चीवर." तुम्ही ते कौतुकाच्या भरात बोलत असाल, मी मात्र खरं मानलं. कॉमर्सला गेले तीही त्या खुर्चीसाठी.

मग तो दिवस आला. मी एकोणीस वर्षांची. शिरवळच्या मावशीकडून आईला घेऊन आपल्या पांढऱ्या गाडीनं परत येत होते. जुना बोगदा ओलांडून कात्रजच्या बाजूला उतरताना एका वळणावर गाडी घसरली आणि कठड्यावर आदळली. आईच्या कपाळाला चार टाके पडले. तुम्ही रिक्षानं आलात, गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि जमलेल्या लोकांसमोर म्हणालात, "हिला गाडी सांभाळता येत नाही, ही दुकान काय सांभाळणार." कपाळाला रुमाल धरून आई म्हणाली, "अहो, इथे नको." तुम्ही थांबला नाहीत. पुढे कितीतरी महिने घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ही गोष्ट मिळायची. दुकान दादाला दिलंत. त्याला रबराचा वाससुद्धा सहन होत नव्हता. चार वर्षांत त्यानं गाशा गुंडाळला.

आता ऐका. टायरवाल्याच्या स्वतःच्या गाडीला नवा टायर कधी लागलाय का? गिऱ्हाईक नवे टाकून घेतं, जुने दुकानात सोडून जातं, आणि त्यातले जरा बरे चार मालकाच्या गाडीला लागतात. तुमच्या धंद्यातली ही रीतच होती. त्या दिवशी मागचे दोन्ही टायर गुळगुळीत होते, नक्षी म्हणून उरली नव्हती. कठड्याशी उभी असताना मी त्यांवर हात फिरवला होता. तुम्हीही वाकून फिरवलात, मी पाहिलं. तुमच्या तळव्याला कळलं, आणि उठून तुम्ही माझं नाव घेतलंत. पुढे तुम्ही वारलात तेव्हा मी रडले नाही. लोकांना वाटलं, मुलगी धीराची आहे. मी चिडलेली होते, अण्णा, तुम्ही कबूल न करता सुटलात म्हणून.

म्हणून काल निघाले. चांगले टायर असते तर गाडी सुटली नसती, हे मला सिद्ध करायचं होतं. फिटर म्हणाला, "मॅडम, दोनशे किलोमीटर तरी जपून चालवा. नव्या रबरावर निसरडा थर असतो, तो घासून गेल्याशिवाय पकड येत नाही." मी म्हटलं, "मला नका शिकवू, माझे वडील याच धंद्यात होते." तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच बजावून सांगायचात, आणि रागाच्या भरात तेवढंच माझ्या डोक्यातून गेलं. भर दुपारी थेट घाट गाठला. बोगद्यापाशी गाडी वळवली, उताराला लागले आणि त्याच वळणावर त्या दिवशीच्याच वेगानं शिरले. गाडीची मागची बाजू सुटली. गाडीतल्या यंत्रणेनं तिला कशीबशी सरळ केलं. कठडा हातभर लांब राहिला. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "कसे आहेत टायर?" म्हटलं, "मस्त आहेत." तो पेपर वाचायला लागला.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. ते गुळगुळीत टायर तुम्ही घातलेत, ते लपवलंतही तुम्ही आणि माझं दुकान तुम्हीच घालवलंत. यातला एक शब्द मी मागे घेत नाही. हे पत्र कपाटात पडून राहील, कारण ते कुणाच्या हाती लागलेलं मला चालणार नाही. त्या दिवशी वेग किती होता, हे तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी टायरांचा विषय काढेन, ही भीती तुम्हाला असणार. आईला डुलकी लागली होती, तिला माहीत नव्हतं. सत्तर होता, अण्णा. वळणावर तीसची पाटी होती आणि ती मी वाचली होती.